तीर्थासोबतची गोळी

मंठाळ, सोमवार, कार्तिक १९५२

आज हुमनाबादहून डॉक्टर आले. गिरिजेच्या पायांवरचे जांभळे डाग त्यांनी बोटानं दाबून पाहिले. पुसट झाले नाहीत. मग मला ओसरीवर नेऊन म्हणाले, "तापाच्या गोळीनं रक्तवाहिन्यांना सूज आलीय. फार क्वचित होतं असं. पण डाग दिसल्यावर गोळी का नाही थांबवली?"

काय सांगू? ती गोळी घेईना, म्हणून लिंगपूजा झाली की तीर्थासोबत मीच तिच्या तळहातावर ठेवायचो. माझीच युक्ती. पहिला डाग घोट्यावर, ज्वारीच्या दाण्याएवढा. तेव्हाच म्हणाली होती, "ही गोळी नगं वाटायलीय मला. हिच्यानंच व्हायलंय."

मी, तिचा नवरा, काय म्हणालो? "तीर्थासंगं आलेल्याला न्हाई म्हनू ने."

तिनं ती डोळ्यांना लावली आणि गिळली. पुढं आठ दिवस तसंच.

आता डाग कमरेपर्यंत आलेत, लघवीतून रक्त जातंय. मूत्रपिंडं वाचणार नाहीत म्हणाले.

संध्याकाळी नुसतंच तीर्थ दिलं. ते घेऊनही तिचा तळहात तसाच पसरलेला.

"गोळी इसरलाव व्हय?"