बाहेरून लावलेली कडी

नाना,

तुम्ही उभ्या नोकरीत कचेरीतला एक कागद कधी घरी आणला नाहीत. मी आख्खं ऑफिस घरी आणलंय. बाहेरच्या खोलीत, जिथे तुमची खाट होती, तिथे आता टेबल आहे. त्यावर लॅपटॉप, आणि त्याच्या पडद्यावर अंबडच्या ऑफिसातला माझा कॉम्प्युटर जसाच्या तसा दिसतो. इथे मी बोट हलवलं की तिथला बाण हलतो. खुर्ची तिथे रिकामी असते आणि काम होत राहतं. हे तुम्हाला सांगायला बसले, कारण जिवंत माणसांपैकी जे कोणी विचारतं त्याला मी हसून 'बरं चाललंय' असं सांगून टाकते.

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मी सासरहून कायमची परत आले ती तुमच्या वर्षश्राद्धानंतर, त्यामुळे ते तुमच्या कानावर गेलं नाही, तेवढं एक बरं झालं. तेव्हापासून घरात आई आणि मी. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांवर फवारणीच्या औषधाचा किती अंश उरलाय हे तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी आहे, रिपोर्ट तयार करून पाठवायचं काम माझं. आईला तीन वर्षांपासून विसरायचा आजार आहे. आधी ती चष्मा विसरली, मग गॅस, मग मला. आता ती फक्त तिच्या माहेरची, सटाण्याकडची बोली बोलते. लोक हसतील म्हणून तुम्ही तिला ती घरात कधी बोलू दिली नाहीत, आठवतं का? त्यामुळे ती काय म्हणते यातलं अर्धं मला कळत नाही, आणि यासाठी मला तुमचा राग येतो. 'माले घर जानं शे', मला घरी जायचंय, एवढं मात्र आता पाठ झालंय, दिवसातून पन्नास वेळा ऐकून. गेल्या दिवाळीनंतर ती खरंच निघाली. जुन्या स्टँडवर सटाण्याच्या गाडीत बसलेली सापडली, पायात चप्पल नाही. सांभाळायला दोन बायका ठेवून पाहिल्या. एकीला तिने चोर ठरवलं, दुसरीला चावली. माझ्या रजा संपल्या. तेव्हा साहेब म्हणाले, महिनाभर घरून काम करून दाखवा, जमलं तर पुढे बघू, नाहीतर ऐन हंगामात मला दुसरं माणूस घ्यावं लागेल. ऑफिसात जायचं तर आईला संस्थेत ठेवायचं, आणि नुसतं घरी बसायचं तर दोघींनी खायचं काय. तो एक महिना काय तो मधला रस्ता होता.

आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं बघणारी बाई हरसूलची आहे, दोन लेकरांची आई, हाताने चपळ आणि तोंडाने त्याहून. तिने माझा लॅपटॉप पुढ्यात घेतला आणि मला समजावलं. "ताई, रिपोर्ट पेन ड्राइव्हवर घ्यायचा नाय, मेल करून घरी पाठवायचा नाय. कोणाचा माल पास, कोणाचा नापास हे बाहेर फुटलं तर आपलं दुकान बंद. म्हणून मी तुमच्या घरापासून इथपर्यंत एक बोगदा करून देते. कसाऱ्याला आहे ना तसा, पण आत गाडी एकट्या तुमचीच." बोगद्याच्या तोंडाशी पासवर्ड, मग दर वेळी फोनवर नवा सहा आकड्यांचा कोड, तो टाकला की माझा कॉम्प्युटर उघडणार. इकडे काही उतरवून घेता येणार नाही, छापता येणार नाही. दहा मिनिटं हात लावला नाही की आपोआप कुलूप. तीनदा चुकलं की दार बंद, ते तिनेच उघडायचं. ऑफिसातलं मशीन संध्याकाळी बंद करायचं नाही, म्हणून तिने त्याच्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली. "आणि पासवर्ड घरात कुणाला सांगू नका," ती म्हणाली. मला हसू आलं. ज्या घरात माझं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, तिथे पासवर्ड कोण लक्षात ठेवणार?

पहिल्या दिवशी ही हरसूलवाली तिकडून जोडून बघत होती, फोन स्पीकरवर होता. आई माझ्या शेजारी स्टुलावर बसलेली. मी हात मांडीवर ठेवलेत आणि पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय, खिडक्या उघडतोय, मिटतोय. आई टक लावून बघत राहिली. मग पदर सावरत उठली आणि हळूच म्हणाली, "हाई ऊनात वाटस." हे आले वाटतं. तुमच्यासाठी चहा टाकायला ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथे गेल्यावर कशाला आलो ते विसरून ओट्याला धरून उभी राहिली. स्पीकरवरून हरसूलवाली सांगत होती, "फोन तेवढा सांभाळा ताई. पासवर्ड चोरला तरी चालेल एकवेळ, पण फोन चोराच्या हातात पडला की सगळं गेलं बघा."

मी दहावीत असताना आईला विषमज्वर झाला होता. तुम्ही पंधरा दिवस रजा टाकलीत, आयुष्यात पहिल्यांदा. रेकॉर्ड रूमची किल्ली सहकाऱ्याच्या हातात दिलीत आणि घरी येऊन खिचडी लावलीत. ती खालून करपली. तुम्ही वरवरची मऊ आईला भरवली आणि करपलेली आपण दोघांनी खाल्ली, जमिनीवर बसून, मध्ये लोणच्याची बरणी. मी म्हटलं, तुमच्या ऑफिसचं काय? तुम्ही म्हणालात, "कचेरी कुठे पळून जाते?" हे वाक्य मी आजवर कितीजणांना कौतुकाने सांगितलं असेल. आता मला त्याची चीड येते. तुमची कचेरी पळून जाणार नव्हती, नाना. तुमची नोकरी पक्की होती. माझी दर वर्षी नव्याने लिहून मिळते, आणि आईचा आजार पंधरा दिवसांचा नाही.

तो मंगळवार होता, ठरलेल्या महिन्यातला कामाचा अकरावा दिवस. एका मोठ्या मालाचा रिपोर्ट दुपारी एकच्या आत जायचा होता, नाहीतर कंटेनर अडकणार. सकाळी दहाला मी पासवर्ड टाकला, पडद्याने कोड मागितला, आणि फोन कुठेच नाही. गादी उचलली, कपाट उपसलं, बाथरूममध्ये बघितलं. मीटिंगसाठी त्याचा आवाज मी बंद ठेवला होता. आईला विचारलं, ती नुसती माझ्याकडे बघून हसली, काहीतरी गुपित असल्यासारखी. मी आदल्या दिवशीचा कोड टाकून बघितला, वेड्यासारखा, तीन वेळा. दार बंद झालं. मग मी आईला दंडाला धरून हलवलं. "कुठे ठेवलास? बोल ना! नोकरी घालवणार आहेस का माझी?" असं ओरडले. हो, आईला. ती रडवेली होऊन लॅपटॉपची वायर ओढायला लागली. शेजारणीच्या फोनवरून हरसूलवालीला गाठायला हवं होतं, आणि मी दाराबाहेर पडले असते तर आई माझ्यामागून जिना उतरली असती. मी तिला आतल्या खोलीत नेलं, पलंगावर बसवलं आणि बाहेर येऊन कडी लावली. पाच मिनिटांसाठी.

हरसूलवाली आधी ऐकेचना. "ताई, नुसत्या आवाजावर मी उघडणार नाय. व्हिडिओवर या, तोंड दाखवा, कार्ड दाखवा." तिचंही बरोबर होतं. शेजारणीचा फोन घेऊन मी घरी आले, तोंड दाखवलं, ऑफिसचं कार्ड गालाशी धरलं. तिने तात्पुरता कोड दिला. आत गेले. कानाला हेडफोन लावले, कारण तिकडून केमिस्ट एकेक आकडा वाचून दाखवत होता. एकामागून एक रकाने भरत गेले. मन असं लागलं, नाना, की कित्येक महिन्यांत लागलं नव्हतं. हे सर्वांत वाईट आहे. मला छान वाटत होतं. एकला दहा कमी असताना रिपोर्ट गेला, साहेबांचा 'शाब्बास' आला, मी हेडफोन काढले, तेव्हा आतून दारावर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता. ठोकण्याचा नाही, घासण्याचा.

ती दाराला टेकून खाली बसली होती, लुगडं ओलं झालेलं. तळहात लाल. मला बघून तिने विचारलं, "मन्हं काय चुकनं?" एवढं मला कळलं.

मी तुमच्या रेकॉर्ड रूममध्ये एकदाच आले होते, शाळेच्या दाखल्यासाठी तुमची सही हवी होती म्हणून. पाच वाजले होते. लाल फडक्यात बांधलेली दप्तरं छतापर्यंत, आणि वाळवीच्या औषधाचा वास. कुलूप लावण्याआधी तुम्ही दारात उभं राहून आत तीनदा हाक मारलीत, "कोणी आहे का आत?" प्रत्येक हाकेनंतर थांबलात. आत कोणी नव्हतं, शेवटचे आपणच बाहेर आलो होतो. मी फिदीफिदी हसले. तुम्ही किल्ली फिरवायची थांबवलीत. तुमचा आवाज मी तसा पुन्हा कधी ऐकला नाही. "हसू नको. दार लावणाऱ्याला वाटतं आत कोणी नाही. आतल्याला विचार." त्या मंगळवारी मला तर माहीत होतं आत कोण आहे.

आईला न्हाऊ घातलं. दुपारी भाकरी करायला बाजरीच्या पिठाचा डबा उघडला. फोन त्यात होता, पार तळाशी, रुमालात नीट गुंडाळलेला. तिच्या माहेरी बायका दागिने असेच ठेवायच्या, हे तिनेच मला लहानपणी सांगितलं होतं. मी फोन काढलेला बघून ती घाबरली, दाराकडे बघत माझ्या कानाशी पुटपुटली, "चोर ली जातीन ना माय." चोर नेतील. स्पीकरवरचं ते सगळं तिने ऐकलं होतं. फोन सांभाळा. माझं नाव तिला आठवत नाही, पण माझ्यासाठी एक गोष्ट सांभाळायची आहे हे तिने लक्षात ठेवलं, आणि त्याची शिक्षा मी तिला दिली. मी परातीवर हात तसेच ठेवून रडले. तिने आपले हात माझ्या तोंडावरून फिरवले, आणि मग विचारलं की मी कोणाची कोण.

इथे थांबायला हवं होतं. पण बुधवारी दहा वाजले, आई वायरीशी आली, आणि मी कडी लावली. दर अर्ध्या तासाने उघडून बघायचं असं ठरवलं होतं. पण उघडलं की ती बाहेर येते, पुन्हा आत घालताना ओढाताण होते, म्हणून मग तासाने, मग जेवायच्या वेळी. महिना निभावला. साहेबांनी घरून काम कायमचं करून दिलंय. हरसूलवाली सगळ्यांना माझं उदाहरण देते, ताईंचं कनेक्शन एकदाही तुटत नाय म्हणून.

हे मी घरच्या टेबलाशी बसून टाइप करते आहे, पण लिहिलं जातंय अंबडच्या मशीनमध्ये. तिथून इकडे काही आणता येत नाही आणि तिथे हे ठेवण्यासारखं नाही. तेव्हा पुसून टाकीन. तसंही तुम्हाला कुठे पाठवणार होते.

एकच सांगायचं राहिलंय. गेल्या आठवड्यापासून मला आईला आत न्यावं लागत नाही. मी लॅपटॉप उघडला की ती स्वतःच उठते, खोलीत जाते, पलंगावर पाय जवळ घेऊन बसते आणि दार लागण्याची वाट बघते. आता तिच्या काहीच लक्षात राहत नाही, पण हे राहिलं. आणि नाना, तिला तसं बसलेलं बघून पहिल्या दिवशी मला रडू आलं नाही. सुटले, असं वाटलं.