केळीच्या खांबासाठी काढलेली नळी

प्रिय उन्मेष,

‘प्रिय’ हाताच्या सवयीने लिहिलं गेलं, त्यावर फार विसंबू नकोस. कालच्या बोलण्यानंतर फोन उचलत नाहीस, म्हणून हे लिहितेय.

आज इस्पितळात जाऊन आपल्या भट्टीवरच्या मुरलीला बघून आले. चेहऱ्याचा डावा भाग आणि दोन्ही हात बांधलेत. त्याची बायको सौम्या बाहेर बाकावर बसली होती. नवऱ्याने भट्टीच्या गॅसलाइनमधलं द्रव वेळेवर सोडलं नाही, असं कंपनीने तिला सांगितलंय. माझं डोकंच फिरलं. अरे, ते काम माणसाचं असतं तर तिथे द्रव आपोआप सोडणारा ट्रॅप कशाला बसवला असता? गॅस थंड झाला की तेलकट द्रव लाइनच्या सखल भागात साचतं आणि खालच्या लोखंडी भांड्यात उतरतं. आतला गोळा तरंगून वर आला की भोक उघडतं, द्रव निघून जातं. गोळा खाली बसला की भोक बंद, गॅस आतच. पण द्रव उतरायला भांड्यातल्या गॅसला वर परतायची वाट लागते, आणि ती वाट म्हणजे भांड्यातून वर लाइनला जोडलेली ती बारीक नळी. बाटलीच्या तोंडात नरसाळं घट्ट बसलं की तेल अडतं, हे स्वयंपाकघरातल्या कोणालाही कळतं. तुला इंजिनिअर होऊन कळू नये?

आयुधपूजेला, म्हणजे आपल्या खंडेनवमीला, सगळी लाइन रंगवून घेतलीस, चंदन-कुंकू लावलंस, छानच. पण केळीचे खांब बांधायला आडवी येते म्हणून ती नळी काढून बूच मारलंस! मी तेव्हा कारखान्यातून रजा घेऊन पुण्याला आईकडे. पूजा झाली, खांब सुकले, नळी परत लावायचं तुझ्या लक्षातही राहिलं नाही. द्रव साचत साचत थेट बर्नरमध्ये गेलं आणि भडका मुरलीच्या तोंडावर आला. मग मात्र चौकशीआधी नळी लगेच लागली बरं का!

तू चेन्नईत नवा होतास, तिरुवल्लिकेणीच्या मॅन्शनमध्ये, त्या एकट्या पुरुषांच्या लॉजवर, काविळीने पडला होतास. मी मैलापूरहून यायची ती संध्याकाळी. सकाळी घरून तांदळाची कंजी, आपली पेज, घेऊन कोण यायचं रे? आई अजून फोनवर मुरलीची चौकशी करते. तिला काय सांगू?

काल सगळं कबूल करून वर तू म्हणालास, “ताई, घरातलं घरात राहू दे. मुरलीला दुसरीकडे काम मिळेल.” त्या हातांनी? लाज वाटली मला तुझी, आणि ती अजून गेलेली नाही.

उद्या चौकशी समितीने मला बोलावलंय. मी खरं सांगणार आहे. तुझ्यावर मागून वार नको, म्हणून आधी कळवतेय. माझ्याआधी तू आत जा आणि स्वतः सांग. गेलास तर मी दाराबाहेर तुझ्यासाठी थांबेन. नाही गेलास तर तुझं नाव मी घेईन, आणि कोण लागतो म्हणून विचारलं तर सख्खा भाऊ म्हणूनच सांगेन.

तुझीच,
विद्युलताताई