पाने गळलेल्या चाफ्याला पाणी घालू नये

देवाला साक्षी ठेवून, आणि त्याला सही करता येत नाही म्हणून खाली दोन माणसांनाही साक्षी ठेवून, मी हे मृत्युपत्र लिहिते. माझे वय त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक, धंदा घरकाम. डोके शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकीलसाहेब म्हणाले. माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणायलाही घरात दुसरे माणूस असावे लागते.

कलम १. राहत्या घराचा वरचा मजला माझ्या यजमानांनी माझ्या नावावर केला होता. तो माझ्या एकुलत्या एका मुलाने घ्यावा. तो लांब नोकरीला असतो. रविवारी फोन करतो, "जेवलीस का?" विचारतो, मी "हो" म्हणते, मग दोघांनाही पुढचे सुचत नाही. तो हा मजला विकील हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावा. रिकाम्या घराला कुलूप घालून ठेवण्यापेक्षा दुसऱ्या कोणाची तरी भांडी त्यात वाजलेली बरी. खालचा मजला माझ्या धाकट्या जावेचा आहे. त्याच्याशी या कागदाचा संबंध नाही.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलाचीच. तीतून माझ्या शेवटाचा खर्च करावा आणि तो बेताचा करावा. जिवंतपणी बाजारातून पायी आले, मेल्यावर माझ्यासाठी गाड्यांची रांग लावू नये. जमाखर्चाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत भाज्यांच्या भावांपलीकडे काही नाही.

कलम ३. दोन सोन्याच्या बांगड्या सूनबाईला. तिला त्या जुन्या वळणाच्या वाटतील. मोडून नव्या कराव्यात. मला आवडल्या असत्या अशा मात्र करू नयेत, स्वतःला आवडतील अशा कराव्यात. माझी आवड सांभाळण्यात तिची बरीच वर्षे गेली आहेत.

कलम ४. रेडिओ खाली जावेच्या गाळ्यात दुकान असलेल्या शिंपीकाकांना. तो मी दिवसभर चालू ठेवते. ऐकते असे नाही, पण घरात कोणी बोलत असले की पोळी गिळते. त्यांच्या दुकानात मशीनचा आवाज असतो, तरी त्यांना बातम्यांची हौस आहे.

कलम ५. आता चाफा. वकीलसाहेब म्हणाले, कुंडीचे वेगळे कलम कशाला, "इतर किरकोळ वस्तू" यात धरू. मी नाही म्हटले.

हा गॅलरीतला पांढरा चाफा, आत पिवळा. याची आई माझ्या यजमानांनी आणली होती. एका संध्याकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली काठी घेऊन आले. मी म्हटले, "भाजी सांगितली होती, काठी काय आणलीत? कोणाला मारायचंय?" ते म्हणाले, "चाफा आहे. बघत राहा." आणि ती काठी त्यांनी फळीवर तशीच टाकून दिली. मला वाटले विसरले. पण कापल्या जागेचा चीक सुकून खपली धरेपर्यंत ती लावायची नसते, ओली लावली की कुजते. आठवड्याने त्यांनी ती वाळू मिसळलेल्या मातीत खोचली. पुढे ते गेले, आणि देवापुढे रोज दोन फुले ठेवायची आणि त्यातले एक मनातल्या मनात त्यांचे धरायचे, अशी माझी वहिवाट पडली.

अकरा वर्षांपूर्वी मी ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते. थंडीचे दिवस. थंडीत चाफा सगळी पाने टाकतो आणि नुसत्या बोथट काठ्या उरतात. धाकट्या जावेने वर येऊन घर झाडले, दिवा लावला, आणि ते उघडेबोडके झाड बघून तिला कळवळा आला. तिने त्याला सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या पाणी घातले. झोपलेल्या चाफ्याला पाणी पचत नाही. मी घरी आले तेव्हा खोड बोटाने दाबले जात होते, पिकल्या केळ्यासारखे.

मी म्हटले, "मारलंस त्याला."

ती म्हणाली, "अक्का, मी पाणी घातलं. विष नाही घातलं."

यावर आम्हा दोघींपैकी कोणीही आणखी एक वाक्य बोलले असते तर भागले असते. कोणी बोलले नाही. एका जिन्याच्या वर-खाली राहून अकरा वर्षे गेली. दोघींचेही यजमान नाहीत. तिचा कुकर किती शिट्ट्या देतो ते मला वर कळते आणि माझा रेडिओ तिला खाली. रात्री ती खोकली की मी उठून बसते. ते तिला माहीत नाही.

खोडाचा शेंडा तेवढा टणक होता. तो कापला, सुकवला, लावला. तोच हा.

कलम ६. सदर चाफा, कुंडी व मातीसकट, माझ्या धाकट्या जावेला द्यावा. मुलाकडे गॅलरी नाही. रोपवाटिकेवाला घेऊन विकील. आणि उघड्या चाफ्याला मेलेला न समजणारे माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. ती चूक तिने एकदा करून पाहिली आहे.

देव्हाऱ्यातली मूर्तीही झाडाबरोबर तिच्याकडे जावी. देवाला चाफ्याची सवय झाली आहे.

चाफ्याची एक फांदी गॅलरीबाहेर, खालच्या अंगणावर झुकलेली आहे. पडलेली फुले धाकटी पहाटे वेचते आणि आपल्या देवाला वाहते. मी दर मोसमात कुंडी फिरवते ती उन्हासाठी, असे समजावे. ऊन तसे दोन्ही बाजूंना सारखेच आहे.

कलम ७. झाडाची निगा. ऊन अर्धा दिवस तरी हवे. कुंडीचे भोक बुजू देऊ नये. माती कोरडी झाल्याशिवाय पाणी नाही. फांदी छाटायची ती पालवी फुटण्याआधी, आणि चीक डोळ्यात जाऊ देऊ नये. नवी पाने दिसली की मुरलेले शेणखत दोन मुठी, मग महिन्यातून एकदा केळीच्या सालींचे पाणी. पाने गळाली की खत बंद.

एकदा मुलाने प्रेमाने महागड्या खताचे पाकीट पाठवले. मी पैसे वाया जाऊ नयेत म्हणून सगळे घातले. पाने हत्तीच्या कानाएवढी झाली आणि वर्षभर फूल नाही. रोपवाटिकेवाला हसला. "आजी, पाकिटावर तीन आकडे असतात. पहिला पानांचा, मधला फुलांचा. तुम्ही पहिला मोठा असलेलं घातलंत. मधला मोठा बघा, नाहीतर हाडांची भुकटी घ्या." हाडांची भुकटी मी घेतली नाही. फूल देवाला जायचे आहे. धाकटीनेही घेऊ नये.

कलम ८. हे कलम आज नव्याने घातले. सह्या काल व्हायच्या होत्या. शिंपीकाका एक साक्षीदार, दुसरा कोणी ठरला नव्हता. मी म्हटले, दुसरे कोण मिळणार. शिंपीकाका म्हणाले, "लांब कशाला जाता? खाली धाकट्या वहिनी आहेत की." आणि मला न विचारता जिन्यातून हाक मारली.

ती आली. दारात उभी राहून दम घेतला. खाली जमिनीकडे बघतच म्हणाली, "सही कुठं करायची?"

वकीलसाहेबांनी मला विचारले, "आजी, यांना यात काही देताय का?"

"चाफा," मी म्हटले.

धाकटीने मान वर केली.

"मग यांची साक्ष नको," वकीलसाहेब म्हणाले. "ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, उद्या त्यावर वाद निघतो. सरळ करा ना, झाड दुसऱ्या कोणाला द्या. कुंडीची किंमत ती काय?"

"किंमत तुम्ही नका सांगू," धाकटी त्यांना म्हणाली. मग मला म्हणाली, "अक्का, एक मी मारलंय. हेही मेलं तर?"

"तर मी आधीच गेलेली असेन. बोलायला येणार नाही."

"तुमचा काय भरवसा," ती म्हणाली. शिंपीकाका हसले, मग तीही हसली आणि तिने पदराने डोळे पुसले. वकीलसाहेब पेन धरून थांबले होते.

ती म्हणाली, "सही कुणीही करील. झाड मला द्या."

म्हणून दुसऱ्या साक्षीदारासाठी आज समोरच्या औषधाच्या दुकानातल्या बाईंना बोलावले आहे.

मला असे लिहायचे होते की धाकटीने रोज वर यावे, झाड बघावे, कधी पाणी घालायचे आणि कधी नाही ते माझ्यासमोर शिकावे, आणि तेवढ्यात चहा होतोच. वकीलसाहेब म्हणतात, जिवंतपणीच्या अटी मृत्युपत्रात घालता येत नाहीत. म्हणून ही अट नव्हे, विनंती समजावी. कप दोन आहेत.

कलम ९. मी थंडीत गेले तर झाड उघडे असेल. ते मेले असे म्हणून कोणीही, विशेषतः माझ्या मुलाने, घर आवरताना ते बाहेर टाकू नये. काठी नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे असेल तर थांबावे.

वर लिहिलेले सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि ते मला मान्य आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. एकदाच मरायचे तर एकच पुरे.

लिहून देणार: घरातली थोरली (सही)

साक्षीदार: १. तळमजल्यावरच्या दुकानाचे शिंपीकाका (सही)
२. समोरच्या औषध दुकानातल्या बाई (सही)

ठिकाण: वरचा मजला, पुढची खोली. तारीख वकीलसाहेबांनी शिक्क्याखाली घातली आहे. चाफ्याची पाने गळलेली आहेत, फुटवा अजून नाही.

टीप: साक्षीदारांत धाकटीचे नाव नाही, ते कलम ६ मुळे. सह्या होईपर्यंत ती गॅलरीत कुंडीजवळ उभी होती. पाण्याचा तांब्या तिथेच होता. तिने त्याला हात लावला नाही.