घरचा आहेर

५ फेब्रुवारी
अभिजीतने अंबरनाथला टू बीएचके घेतला. अभिजीत म्हणजे अनुयाच्या ताईचा, नूतनचा, नवरा. माझा साडू. वास्तुशांत २२ तारखेला. पत्रिकेत 'कृपया आहेर आणू नये'. आमच्या वास्तुशांतीला हाच माणूस भर पंगतीत म्हणाला होता, बदलापूर छानच, फक्त यायला सुट्टी टाकावी लागते. सगळे हसले. अनुयाही. मी सूडबुद्धीचा माणूस नाही. पण विसरलेलो नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ
सुचलं! आमच्या राजसीने अभिजीतचं चित्र काढायचं. ते मी उशीवर छापून द्यायचं. घरी केलेली वस्तू आहेरात धरत नाहीत. आणि पाच वर्षांच्या पोरीने ढेरी काढली तर कोण काय बोलणार? वर ती उशी सोफ्यावर मांडावी लागेल. येणारा-जाणारा बघेल.

८ फेब्रुवारी
पोरगी फितूर. काका सडपातळ, डोक्यावर भरपूर केस, हातात तिच्यासाठी फुगा. ढेरी काढ म्हटलं. तर म्हणे, काका मला खांद्यावर घेतात. ह्याचा ढेरीशी काय संबंध? चॉकलेट दिलं. चॉकलेट खाल्लं, ढेरी काढली नाही. आईवर गेलीये.

८ फेब्रुवारी, संध्याकाळ
स्वतःच काढलं. डाव्या हाताने, म्हणजे लहान मुलाचं वाटेल. ढेरी, तीन केस, राक्षसाचे दात. खाली 'राजसी', त्यातला ज मुद्दाम उलटा. मुलांना थोडं मार्गदर्शन लागतंच. तिचं चित्र रद्दीत.

१४ फेब्रुवारी
उल्हासनगर, कॅम्प चार. सिंधी छापणाऱ्याने विचारलं, बच्ची ने बनाया क्या? हो म्हटलं. म्हणाला, साईं, हाथ बहुत पक्का है. उगाच बरं वाटलं. चित्राखाली 'घरचा आहेर' छापून घेतलं. त्यातली खोच अभिजीतला कळेपर्यंत माझं जेवण उरकलेलं असेल.

२२ फेब्रुवारी
अभिजीतने उशी उघडली. बघतच राहिला. मग गहिवरला. राजसीला कडेवर घेऊन सगळ्यांना दाखवत फिरला. आज एवढा एकच आहेर घेणार, म्हणाला. हे ठरलं नव्हतं.
मग राजसीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. हे तिचं नाहीच, तिचं बाबाने रद्दीत टाकलं, हे बाबाने काढलंय. भटजीसुद्धा थांबले. नूतनने उशी पालथी घातली. अभिजीत एवढंच म्हणाला, जेवून जा.
माझी बाजू कोणी विचारलीच नाही. मठ्ठा मात्र चांगला होता.

२४ फेब्रुवारी
परवापासून अनुयाचा अबोला. असू दे. अभिजीतच्या मुलाच्या मुंजीत... छे, त्याला मुलगा नाही. दिवाळीला बघतो.
संध्याकाळी राजसी जमिनीवर बसून 'आपली फॅमिली' काढत होती. आई, मावशी, काका, ती स्वतः. कागद भरत आला तरी मी नाही. विचारलं, बाबा कुठेय?
मान वर न करता म्हणाली, तू तुझं काढ ना. तुला येतं.