आईसाठी राखलेलं आमेन

बाबा, आई बोलायची थांबली ते वर्ष आज सकाळपासून माझ्या डोळ्यांपुढं आहे. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. आपण दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो आणि मी चौथीत होते. माझा धाकटा भाऊ तापानं गेला. त्याला माती देऊन आल्यापासून आईच्या तोंडून शब्द निघाला नाही. ती भाकरी थापायची, माझी वेणी घालायची, पण बोलायची नाही. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, वाट बघा.

तुम्ही वाट बघितलीत, पण नुसतं बसून नाही. संध्याकाळी लोको शेडमधून आलात की हाताचं ग्रीस घासून काढायचात आणि आम्हा दोघींना घेऊन चुलीपाशी बसायचात. प्रार्थना तुम्ही करायची आणि शेवटचं आमेन आईनं म्हणायचं, ही आपल्या घरातली पहिल्यापासूनची पद्धत. ती तुम्ही मोडली नाहीत. "हिची वाचा हिला परत दे, येशूच्या नावानं मागतो," एवढं म्हणून थांबायचात. डोळे मिटलेले. यार्डात इंजिन शिट्टी देतंय, आई मान खाली घालून बसलीय आणि तुम्ही थांबलाय. एकदा न राहवून मीच आमेन म्हणाले, तर तुम्ही माझ्या गुडघ्यावर हात ठेवलात.

"तू मनात म्हण, बाळा. मोठ्यानं म्हणायचं तिचं हाय."

पावसाळा सरला. मग शिरूरहून मामा आला आणि आईला माहेरी घेऊन गेला. सोबत मलाही पाठवलंत. मला वाटलं, संपली आता प्रार्थना. पण पहिल्याच सुट्टीला तुम्ही चौफुल्याला एसटी बदलून मामाच्या दारात हजर. आम्हा दोघींना घेऊन ओसरीवर बसलात, प्रार्थना केलीत, थांबलात, आणि पाणी पिऊन परत गेलात. पुढं दर सुट्टीला तेच. शेजारचे भिंतीवरून बघायचे. शेवटी मामा वैतागला. तोही आपल्यासारखाच चर्चच्या मंडळीतला, मनाचा वाईट नव्हता, थकला होता.

"दाजी, देवानं न्हाई म्हटलंय, एवढं समजून घ्या की."

"मला तर ऐकू आलं न्हाई," तुम्ही म्हणालात. "ऐकू येईस्तवर मागतो."

"आन् ही जन्मभर बोलली न्हाई तर?"

"तर जन्मभर येईन."

आई आत तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबलेला मी बघितला.

नाताळ जवळ आला होता, तेव्हाची गोष्ट. तुम्हाला खोकला झालेला, आवाज पार बसलेला, तरी आलात. आणि त्या दिवशी प्रार्थनेत तुम्ही पहिल्यांदाच धाकट्याचं नाव घेतलंत. "आमच्या लेकराला तुझ्याजवळ नीट सांभाळ," म्हणालात, आणि पुढं शब्दच फुटेना. खोकला, का रडू, मला कळलं नाही. तेवढ्यात माझ्या शेजारून एक घोगरा, अनोळखी आवाज आला.

"येशूच्या नावानं मागतो. आमेन."

तुम्ही डोळे उघडलेत. आई तुमच्याकडेच बघत होती. "लई खोकताय," ती म्हणाली. "आत चला, काढा करते." मामा तसाच अनवाणी गल्लीत पळाला, दिसेल त्याला सांगत सुटला, "बोलली, माझी भन बोलली!"

त्या नाताळात दौंडच्या चर्चमध्ये आईनं प्रत्येक गीत सगळ्यांच्या वर आवाज चढवून म्हटलं. सूर कुठंच लागत नव्हता. पाळकसाहेब हसत होते आणि तुम्ही पहिल्या बाकावर असे ताठ बसला होतात, जणू सगळा गाव जिंकून आलात.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, माहीत आहे मला. पण लिहिलंच आहे तर एक सांगून टाकते. माझीही देवाकडं एक मागणी आहे, बऱ्याच वर्षांची. काय ते तुम्हालाही सांगत नाही. अजून मिळालेली नाही. आज सकाळी पुन्हा मागितली.