कापलेले चार गुण

मी, केनान माकावा, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त ख्रिस्ती पाळक आणि पाळक घडवणाऱ्या विद्यालयात एकतीस वर्षे शिक्षक, राहणार नाम्बवे, चिल्वा सरोवराचा काठ, हे मृत्युपत्र स्वखुशीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे दवाखान्याने लिहून दिले आहे. दहा मार्चपासून माझी स्वतःची तशी खात्री नाही. पण कोणती वस्तू कोणाला द्यायची, एवढे नीट कळते. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. विटांचे घर, आंब्याची दोन झाडे व मक्याचे शेत माझी भाची एस्नाथ हिला. आमच्याकडे मामाचे भाचीलाच जाते, यात उपकार नाही. परसातली पाच मडकी तर मुळात तिच्या आईची. माझी थोरली बहीण एनेलेसी त्यांत मक्याची दारू आंबवून विकी आणि त्यावर मी शाळा शिकलो. ती ढवळायची, मी शेजारी बसून शाळेतली बगळ्यांची कविता म्हणायचो. "म्हण, केनानी, म्हण. तुझ्या बगळ्यांनी फेस चांगला येतो." अजून डोळे मिटले की तो आंबट वास आणि त्या ओळी एकत्रच येतात.

२. पुस्तके विद्यालयाला. 'पाळकीय शिस्त' ही माझी टिपणवही मात्र जाळावी. तीत लिहिले आहे: प्रभुभोजनापासून दूर केलेला सभासद वारल्यास घंटा वाजवू नये, पाळकाने झगा घालू नये, कबरीवर शब्द बोलू नये. हा प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घातला. सुंदर अक्षरातले उत्तर आले की कविता वाचल्यासारखा आनंद होई.

अकरा वर्षांपूर्वी त्या मडक्यांतल्या दारूपायी एनेलेसीला असेच दूर केले गेले. मी मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळात होतो. गप्प बसलो.

नऊ मार्चला ती म्हणाली, "माझ्यावर काहीतरी म्हण रे. प्रार्थना चालत नसेल तर बगळे म्हण." दहाला गेली. मंडळीच्या बायका अंत्यविधीला घालायच्या गणवेशाविना अंगणात बसल्या. गावचा पाळक तियांजाने म्सुकु, माझाच विद्यार्थी, अंगणाच्या कुंपणाबाहेर उभा होता. पाळकाला आम्ही अबुसा म्हणतो. मी धावत गेलो.

"अबुसा, आत या."

"सर, कसा येऊ?"

"अरे, माझी बहीण आहे ती!"

"सर, हा प्रश्न तुम्हीच घातला होता. पन्नासपैकी सेहेचाळीस दिले होतेत."

आम्ही एनेलेसीला पाळकाविनाच कबरीकडे नेले. कबर खणणाऱ्यांचा म्होरक्या सायमोनी, ज्याला अक्षरओळख नाही, तो फावडे टेकून म्हणाला, "देवा, ही एनेलेसी. हिच्या दारातून उपाशी कोणी गेलं नाही. बघून घे." मी शेकडो पाळकांना कबरीवरचे प्रवचन शिकवले. त्या खड्ड्याशी माझ्या तोंडून आमेनसुद्धा निघाले नाही. बगळेही नाहीत.

३. माझा काळा झगा तियांजानेला. चौथ्या दिवशी तो जुनी उत्तरपत्रिका घेऊन आला. "सर, चार गुण कुठे कापलेत ते बघा." उत्तराच्या शेवटी त्याने लिहिले होते: 'तरी पाळकाने घरच्यांच्या चटईवर बसावे व त्यांच्यासोबत रडावे.' त्यावर लाल रेघ. समासात माझे अक्षर: 'अवांतर.'

"प्रभू मित्राच्या कबरीपाशी रडला, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"हो."

"ते सोमवारच्या तासाला, सर. शिस्तीचा तास गुरुवारी असायचा."

एकतीस वर्षे मी सोमवार आणि गुरुवार दोन्ही शिकवले. दोघांची गाठ कधी पडली नाही, आणि हे मला कळलेही नाही. अजून ती लाल रेघ दिसते.

४. म्हणून पुस्तकांना अट. नव्या विद्यार्थ्याने पहिले सहा महिने सायमोनीबरोबर कबरी खणाव्यात, शोकाच्या घरी पाणी भरावे, मग पुस्तक उघडावे. अट मोडल्यास पुस्तके एस्नाथला. पानांत शेंगदाणे बांधून विकायला माझी हरकत नाही.

५. एनेलेसीविरुद्ध तक्रार करणारे मंडळातले वडील ग्रेशाम यांना माझी मोठी छत्री. मडक्यांकडे मागच्या दाराने येताना तोंड झाकायला बरी पडेल.

६. मला कबरस्तानात पुरू नये. एनेलेसीशेजारी, त्याच्या कुंपणाबाहेर पुरावे. माझी पेटी उचलण्याआधी तिच्या कबरीवर प्रार्थना व्हावी: घंटेसह, झग्यासह, बायकांच्या गणवेशासह. वडील मंडळ नाही म्हणाले, तर मलाही घंटा नको. बगळे एस्नाथला पाठ आहेत. तिने ते आईसाठी म्हणावेत, माझ्यासाठी नव्हे.

सायमोनी साक्षीदार असल्याने त्याला काही देता येत नाही, असे मी त्याला सांगितले. तो मला बाम्बो, म्हणजे बाबा, म्हणतो. म्हणाला, "बाम्बो, तुमचा खड्डा मीच खणणार. तेवढं पुरे."

७. तियांजाने, ते चार गुण मी आज परत देतो. पन्नासपैकी पन्नास. आता कुंपणाच्या आत ये आणि चटईवर बस.

वरील मजकूर वाचून, समजून घेऊन, साक्षीदारांसमक्ष सही केली.

केनान माकावा
नाम्बवे, १४ मे २०१६

साक्षीदार:
१. लोनेस काम्वेंडो, परिचारिका (सही)
२. सायमोनी चिपेटा, कबर खणणारा (डाव्या हाताचा अंगठा, माती धुऊन घेतला)