दुसरं कडवं

२ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर मला बोलायला सुचत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून आपलं पत्रच. सूनबाईने सगळं कळवलं. डोळ्याचा सुटलेला पडदा डॉक्टरांनी जागेवर बसवला, आत वायूचा बुडबुडा सोडला, आणि त्या बुडबुड्याने पडदा दाबून धरावा म्हणून तू तीन आठवडे पालथं पडायचंस. जेवतानाही मान खाली. मान वर केलीस तर पडदा पुन्हा सुटेल, आणि तुझा दुसरा डोळा तर लहानपणापासून नावालाच. सुईत दोरा ओवणारा हा एकच आहे. आई तुला भिंगरी म्हणायची ते काही उगाच नाही, त्यामुळे मला काळजी डोळ्यापेक्षा तुझ्या मानेची आहे.

सोबत एक प्लेअर पाठवतोय, काड्यापेटीएवढा. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून हातांना काम नव्हतं. शेजारच्या निवृत्त हेडबाईंकडून कॉम्प्युटर शिकलो आणि वर्षभर आपल्या लहानपणची गाणी शोधून त्यात साठवली. काल ती प्लेअरवर चढवली. मला सवय हळू कामाची, पण हे यंत्र भलतंच चपळ. दोनशे बारा गाणी डोळ्याचं पातं लवायच्या आत गेली. कानात बोंडं घाल, त्रिकोणाचं बटण दाब आणि गुमान पडून राहा.

मान खाली असावी, लोभ आहे तसा असावा.
तुझा दादा

६ मार्च

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार. आजवर हा नुसता लिहीत आले, या खेपेला आठही अंगं खरोखरच गादीला टेकली आहेत.

मी सांगतेय आणि सूनबाई लिहितेय. पलंगाच्या कडेबाहेर काढलेल्या माझ्या उशीला मधोमध भोक आहे, त्यातून खालची एक अख्खी फरशी आणि तीन अर्ध्या दिसतात. अख्खीला तडा गेलाय. तो आता मला तोंडपाठ झाला.

प्लेअर मिळाला. बोंडं घातली, त्रिकोण दाबला, तर शुकशुकाट. मला वाटलं, डोळ्यापाठोपाठ कानही गेले. सुनेनं प्लेअर आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि हसतच सुटली. दादा, तू गाणी पाठवलीच नाहीस. पडद्यावर ज्या चित्राच्या कोपऱ्यात बारीक बाण असतो, ते गाणं नसतं म्हणे, गाणं कुठे ठेवलंय त्याचा पत्ता असतो. तू दोनशे बारा पत्ते पाठवलेस आणि गाणी तुझ्याच घरी राहिली. पातं लवायच्या आत जातील नाहीतर काय.

रागावले नाही. सून एकेक नाव वाचते आणि मी ते गाणं म्हणते. तिच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण आजवर आमचं बोलणं भाजी काय करायची, एवढंच. मी गाते हे तिला माहीतच नव्हतं. काल पंचवीस गाणी झाली. तुझ्या चुकीचे उपकारच म्हणायचे.

लोभ आहेच, पुढच्या वेळी गाण्यांसकट यावा.
तुझी भिंगरी

९ मार्च

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

पत्र वाचून कानशिलं तापली. चाळीस वर्षं लोकांची घड्याळं दुरुस्त केली, आणि मला साधा बाण दिसू नये! हेडबाई म्हणाल्या, हे म्हणजे जेवायला बोलावून पाहुण्याला खाणावळीची पाटी दाखवण्यासारखं झालं. आता खरी गाणी कशी चढवायची ते शिकलोय. प्लेअर परत पाठव, चार दिवसांत भरून देतो.

चुकीची माफी असावी, लोभ कमी न व्हावा.
दादा

११ मार्च

ती. दादास, पालथीचाच नमस्कार.

प्लेअर परत मिळणार नाही. माझ्या लग्नात तू घड्याळ पाठवलंस, मुलगा झाला तेव्हा घड्याळ, आणि हे गेले तेव्हाही घड्याळच. घरात तीन घड्याळं आहेत, दादा एकही नाही. जन्मभर तू पत्तेच पाठवत आलास.

शिवाय गाणीही अडली आहेत. मला येतं फक्त पहिलं कडवं. शेजारच्या रेडिओवर गाणं लागलं की नेमकी आई धुण्याचा टब उचलायला हाक मारायची आणि मी पळायचे. तू मात्र खिडकीखाली शेवटपर्यंत थांबायचास. दुसरं कडवं तुझ्याकडे आहे. ते पोस्टानं नको.

तुझी भिंगरी

(मामा, सा. न. हे आईंना न सांगता लिहितेय. गाणं चालू असतं तोवर त्या पडून असतात. पहिलं कडवं संपलं की उठतात. काल शिवणयंत्रापाशी उभ्या सापडल्या. पडद्याची एक कड सैल वाटते, असं डॉक्टर म्हणाले. अजून अकरा दिवस काढायचे आहेत आणि माझी रजा परवा संपते. तुम्ही या.)

१३ मार्च

चि. सूनबाईस, आशीर्वाद.

हे पत्र आणि मी बहुधा बरोबरच पोचू. मी मुळातच अबोल. तुझ्या मामीच्या आजारपणात महिनाभर तिच्या उशाशी बसलो, पण मला एक शब्द सुचला नाही, आणि ती गेली. तेव्हापासून आजाऱ्याच्या खोलीत पाऊल टाकवत नाही. पण गाताना शब्द सुचावे लागत नाहीत, ते आयतेच असतात. त्या भरवशावर निघतोय.

मामा

२० एप्रिल

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार, या वेळी बसून.

अक्षर ओळखलंस? ओळी वाकड्या आहेत, पण माझ्या आहेत. डॉक्टरांनी डोळा पास केला. काल सुईत दोरा तिसऱ्या झटक्यात ओवला आणि ओवल्यावर रडले.

खुर्चीत बसलास तर मला तुझे नुसते पाय दिसायचे, म्हणून दुखऱ्या गुडघ्यांनिशी तू माझ्या उशीखाली फरशीवर उताणा झोपलास. तडा गेलेल्या फरशीवर डोकं टेकून आठ दिवस भोकातून माझ्याकडे बघत गायलास. पहिलं कडवं मी म्हणायचं, दुसरं तू. मी एकदाही मान वर केली नाही. वर होतं तरी काय बघण्यासारखं?

जाताना तू आणि सुनेनं हेडबाईंकडून गाणी मागवून प्लेअर भरलात. परवा संध्याकाळी एक बोंड तिच्या कानात, एक माझ्या, अशा ऐकत बसलो. होडीच्या गाण्याचं पहिलं कडवं बरोबर निघालं, दुसरं भलतंच. तुझा नावाडी छत्री विसरून परत जातो. या गाण्यात छत्रीच नाही. मग सतरा गाणी ऐकली. एकाचंही दुसरं कडवं तुझ्या कडव्याशी जुळेना.

निदान गाणी साठवताना तरी ऐकली असशील, म्हणून हेडबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पहिलं कडवं नीट वाजलं की तू खूण करून पुढचं लावायचास. टिकटिक सुरू झाली की घड्याळ बंद डब्यात, तसंच.

म्हणजे दादा, ज्याला बोलायला सुचत नाही म्हणतोस, त्यानं फरशीवर पडल्या पडल्या दोनशे बारा कडवी मनची रचली आणि माझा डोळा राखला. हे उपकार मी कसे फेडू? आता खरी कडवी मला खोटी वाटतात. तुझी ऐकायला मिळावीत म्हणून पुन्हा ये.

आणि एक आठवलं. धुण्याच्या त्या टबाला कड्या दोन होत्या. एक मी धरायचे. दुसरी रोज तुझ्याच हातात असायची. मग दुसरं कडवं ऐकायला तू थांबला होतास कधी?

लोभ असाच असावा.
तुझी भिंगरी